गुडघा बदलला, मित्र तोच: सिएरा नेवाडात खेचरावरून परत जायचं असेल तर

विचारणा थोडक्यात अशी. दोन मित्र, वयं ६३ आणि ६५, बरीच वर्षं कॅलिफोर्नियात. १९९०च्या दशकात दोघांनी पाठीवर सॅक घेऊन बिशपजवळचा नॉर्थ लेक ते साउथ लेक हा वळसा पायी पूर्ण केला होता. आता एकाचा डावा गुडघा बदललेला आहे, दुसऱ्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. तीच वाट खेचरावरून करता येईल का, किती दिवस लागतील, आणि आयुष्यात कधी खोगिरावर न बसलेल्यांनी हे करावं का?

करता येईल. पण जुने मुक्काम आणि जुनं वेळापत्रक डोक्यातून काढून टाका. चालणारा माणूस पाणी, सपाट जागा आणि समोरचा देखावा बघून तंबू ठोकतो. जनावरं सोबत असली की आधी गवत बघावं लागतं, मग तिथे चरायला परवानगी आहे का ते, आणि माणसांची सोय सगळ्यात शेवटी. तुमच्या आठवणीतले मुक्काम बहुधा झाडीच्या वर, तळ्याकाठी, ग्रॅनाइटच्या खडकांत असणार. तिथे खेचराला खायला काही नाही. त्यामुळे वाट तीच राहिली तरी तुम्ही झोपाल वेगळीकडे, निघाल वेगळ्या वेळी आणि थांबाल तेही खेचराला सोयीचं असेल तिथे.

आधी आकडे. बिशप गाव ४,१५० फुटांवर आहे. नॉर्थ लेक साधारण ९,३०० फुटांवर, आणि तिथून पाचेक मैलांवर पायूट पास, ११,४२३ फूट. पलीकडे हम्फ्रीज बेसिनचा मोकळा माळ, मग झाडीतलं हचिन्सन मेडो आणि पायूट क्रीकच्या दगडी घळीतून ८,००० फुटांपर्यंत उतार. तिथल्या पुलाशी जॉन म्यूर ट्रेल मिळते आणि किंग्ज कॅन्यन नॅशनल पार्कची हद्द सुरू होते. पुढे सॅन वाकीन नदीच्या दक्षिण फाट्याच्या काठाने चढत इव्होल्यूशन व्हॅली, मॅक्ल्यूर मेडो, इव्होल्यूशन लेक, वांडा लेक आणि म्यूर पास, ११,९५५ फूट. उतरून लकॉन्ट कॅन्यन, साधारण ८,७०० फूट. शेवटी डुसी बेसिनमधून बिशप पास, ११,९७२ फूट, आणि खाली साउथ लेक, ९,८०० फूट. सगळं मिळून ५५ मैलांच्या आसपास.

बऱ्या वाटेवर खेचरांचा तांडा ताशी तीन-साडेतीन मैल चालतो. दिवसाला १५ मैल खेचराला जड नाहीत, नवख्या स्वाराला मात्र जड आहेत. पहिल्या दिवशी आठ ते दहा मैल, पुढे बारापर्यंत, एवढीच तुमची मर्यादा धरा. म्हणजे पूर्ण वळशाला स्वारीचे पाच-सहा दिवस, आणि मध्ये किमान एक पूर्ण दिवस मुक्कामी.

आता चाऱ्याचा हिशोब, कारण या सहलीची खरी अडचण तिथे आहे. साधारण हजार पौंडांच्या खेचराला चरायला मिळालं नाही, तर दिवसाला १५ पौंड तरी सुका चारा किंवा गोळी-चारा लागतो. तुम्ही दोघे आणि एक पॅकर, म्हणजे ओझी लादून तांडा नेणारा माणूस, अशी स्वारीची तीन जनावरं. सामानाला तीन. एकूण सहा. सहा रात्रींना प्रत्येकी १५ पौंड म्हणजे ५४० पौंड चारा. ओझ्याच्या खेचरावर १५० पौंड लादतात, म्हणजे वरवर बघता चार खेचरं वाढली. पण ती चारही खाणार. सहा रात्रींत एक खेचर ९० पौंड खातं, म्हणजे त्याच्या १५० पौंडांतले फक्त ६० इतरांच्या कामाचे. ५४० भागिले ६०, उत्तर नऊ. निव्वळ चारा वाहायला नऊ जास्तीची खेचरं, आणि दोन माणसांच्या सहलीला पंधरा जनावरांचा तांडा! नियमात ते बसतं, कारण पार्कमध्ये एका गटाला २० जनावरांपर्यंत मुभा असते. खिशात बसत नाही. शिवाय एवढ्या तांड्याला एक पॅकर पुरत नाही.

म्हणून सगळं चराईवर येऊन थांबतं. पार्कात कुठलं कुरण कधी उघडायचं, हे त्या वर्षीच्या बर्फावर ठरतं. ओलं वर्ष, मध्यम वर्ष, कोरडं वर्ष अशा प्रतवारीप्रमाणे खोऱ्यानिहाय तारखा लावल्या जातात. ओल्या जमिनीवर खूर खोल रुततात, हिरवळीची जाळी फाटते, तिथून पाणी वाहू लागतं आणि कुरण हळूहळू कोरडं पडतं. ११,००० फुटांवरची अशी जखम भरायला दशकं लागतात. उंचावरचे काही भाग चराईला कायमचे बंद आहेत. तेव्हा पॅकरला पहिला प्रश्न हा विचारा: आपल्या तारखांना जनावरं रात्री कुठे चरणार? ज्याला याचं उत्तर कुरणांच्या नावांसकट देता येत नाही, त्याच्यासोबत वळसा करू नये.

सिएराच्या पूर्वेकडच्या पॅक स्टेशनांवर, म्हणजे स्वारीची आणि ओझ्याची जनावरं पुरवणाऱ्या तळांवर, साधारण तीन प्रकारचे सौदे होतात. एकात फक्त सामान खेचरांवर जातं आणि तुम्ही मागून चालता. दुसऱ्यात तुम्हाला सामानासकट स्वारीने ठरल्या जागी नेऊन सोडतात, जनावरं परत फिरतात आणि ठरल्या दिवशी न्यायला येतात. याला ते ‘स्पॉट ट्रिप’ म्हणतात. तिसऱ्यात पॅकर, स्वयंपाकी आणि जनावरं पूर्णवेळ सोबत राहतात. खेचरं भाड्याने घेऊन दोघेच निघू, हा विचार सोडून द्या. बहुतेक पॅक स्टेशनं पॅकरशिवाय मुक्कामी स्वारीला जनावरं देतच नाहीत, आणि ते योग्यच आहे.

तुमच्यासाठी दुसरा प्रकार उत्तम, आणि पूर्ण वळशाचा हट्ट नको. नॉर्थ लेकहून पायूट पास ओलांडून हचिन्सन मेडोला जा. दहा-अकरा मैल, स्वारीचा एकच दिवस, पण मोठा. वर म्हटलेल्या मर्यादेच्या हा थोडा बाहेर आहे. जमेल असं वाटत नसेल तर हम्फ्रीज बेसिनच्या खालच्या अंगाला सोडायला सांगा, दोन-तीन मैल वाचतील. जनावरं लगोलग परत जाणार असल्याने चाऱ्याचं गणित जवळजवळ संपतं. चार-पाच रात्री एकाच जागी राहा. तिथून फ्रेंच कॅन्यनकडे किंवा पायूट क्रीकच्या काठाने हलक्या पिशवीनिशी हवं तेवढं चाला, गुडघा कुरकुरला की परत फिरा. पायूट पासचा चढही जनावरांना सोपा आहे, पायऱ्या आणि तुटके खडक त्या मानाने कमी. याउलट बिशप पासवरून लकॉन्ट कॅन्यनला उतरायचं तर उतार सव्वातीन हजार फुटांचा आहे आणि त्यातली डुसी बेसिनखालची नागमोडी उतरण गुडघे मोडणारी आहे. चालताना मोडणारी आणि खोगिरावर बसूनही, कारण उतारावर स्वाराचं सगळं वजन रिकिबीत येतं.

वळसाच हवा असेल तर तिसरा प्रकार घ्या, सात-आठ दिवसांचा, आणि तारखा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ठेवा. म्यूर पासवर बर्फ सगळ्यात उशिरा वितळतं. माणूस ज्या बर्फावरून आरामात जातो, त्यातच खेचराचा पाय मांडीपर्यंत जातो, विशेषतः खडकाच्या कडेला, जिथे बर्फ आतून पोकळ झालेलं असतं. २०२३ सारख्या प्रचंड बर्फाच्या वर्षी उंच खिंडी जनावरांसाठी फार उशिरापर्यंत बंद राहिल्या. सप्टेंबरच्या मध्यानंतर उलटा धोका, वितळून पुन्हा गोठलेला बर्फ. बिशप पासच्या डुसीकडच्या बाजूला २०१७च्या शरद ऋतूत स्थलांतर करणारी हरणं अशाच गोठलेल्या उतारावरून घसरून मोठ्या संख्येने मेली होती. चार पायांची, त्या डोंगरात जन्मलेली जनावरं.

आता खुद्द खेचर. गाढव बाप, घोडी आई. घोड्याची ६४ गुणसूत्रं, गाढवाची ६२, खेचराची ६३, म्हणून प्रजनन नाही. डोंगरात त्याचं मोल तीन गोष्टींमुळे: खूर अरुंद आणि कडक, उन्हात आणि कमी पाण्यात टिकाव चांगला, आणि संकट दिसलं की घोड्यासारखं उधळण्याऐवजी जागीच थांबून विचार करण्याची सवय. लोक याला हट्ट म्हणतात. खेचर पुलाच्या तोंडाशी थांबलं तर टाच मारू नका. लगाम सैल सोडा, त्याला मान खाली घालून फळ्यांचा वास घेऊ द्या. बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात ते स्वतःच पाऊल टाकतं. जबरदस्ती केली की तेच अर्ध्या मिनिटाचं काम अर्ध्या तासाचं होतं, आणि पुढच्या प्रत्येक पुलाशी वसूल होतं.

खेचराची पाठ घोड्यासारखी नसते. घोड्याच्या खांद्यांमागचा उंचवटा खोगीर अडवून धरतो. खेचराची पाठ सपाट, पिंपासारखी गोल, त्यामुळे उतारावर खोगीर मानेकडे सरकतं. ते थांबवायला मागून दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, किंवा पुठ्ठ्याभोवतीचा रुंद पट्टा हवाच. निघण्याआधी एकदा स्वतः बघून घ्या. दुमची शेपटीखाली घट्ट ताणलेली नको, दोन बोटं सहज जावीत, आणि तिच्यात शेपटीचे केस अडकलेले नकोत. अडकलेल्या एका केसाने कातडी सोलते, आणि दुसऱ्या दिवशी शांत खेचर लाथा का झाडतंय हे कुणालाच कळत नाही.

तंगाचं, म्हणजे पोटाखालून खोगीर बांधणाऱ्या पट्ट्याचं, तर त्याहून महत्त्वाचं. तंग आवळताना अनेक जनावरं छाती फुगवून धरतात. पॅकर आवळतो, घट्ट दिसतो, तुम्ही बसता. पंधरा-वीस मिनिटांनी जनावर नीट श्वास घेऊ लागलं की तोच तंग तीन बोटं सैल. तेव्हा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांनी थांबणं आणि तंग पुन्हा आवळणं हे ठरलेलंच हवं. पॅकर विसरला तर आठवण करा, त्यात कमीपणा नाही. पुढच्या पायामागे, कोपरापासून चार बोटांवर, तंग आणि कातडी यांमध्ये हात घाला. दोन बोटं दाबून जायला हवीत, अख्खा तळहात नाही. हातानेच कातडीची घडीही मोकळी होते, ती राहिली तर संध्याकाळपर्यंत तिथे फोड येतो. मोठी चढण सुरू होण्याआधी आणि मोठ्या उतारणीआधी हेच परत. चढत्या वाटेवर खोगीर फिरून स्वार पोटाखाली जाण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

चढताना-उतरताना डावा पाय रिकिबीत घालून गुडघा छातीकडे दुमडावा लागतो. बदललेल्या डाव्या गुडघ्याला ते जमणार नाही आणि जमवूही नये. यावर उपाय दोन. एक, खेचर खालच्या अंगाला आणि तुम्ही दगडावर किंवा ओंडक्यावर, म्हणजे रिकीब गुडघ्याच्या उंचीला येते. दोन, उजव्या बाजूने चढणं. पण सगळी खेचरं उजवीकडून चढू देत नाहीत, म्हणून ही गोष्ट नोंदणी करतानाच सांगा, नॉर्थ लेकच्या तळावर सकाळी नको. खोगिरापुढचा खुंट धरून स्वतःला ओढू नका, त्याने खोगीर फिरतं. एक हात आयाळीत, दुसरा खोगिराच्या पलीकडच्या कडेवर.

रिकिबीची लांबी बहुतेक नवखे आखूड ठेवतात. उभं राहिल्यावर बैठक आणि खोगीर यांत मुठीएवढं अंतर पुरे. गुडघ्याचा त्रास असेल तर आणखी एक भोक लांब. नव्या किंवा ताठ कातड्याच्या खोगिरात रिकीब आतल्या बाजूला वळते, आणि दिवसभर ती बाहेर वळवून धरण्याचा पीळ गुडघ्याच्या आतल्या अंगाला बसतो. चार तासांनी गुडघा दुखू लागला की लोक वयाला दोष देतात. दोष त्या पिळाचा असतो. पॅकर लोक दोन्ही रिकिबी बाहेर वळवून त्यांतून रात्रभर झाडूचा दांडा आरपार घालून ठेवतात, कातडं वळणावर येतं. तशी वळवलेली रिकीब मागा.

बूट हा चालणाऱ्यांचा हमखास घोटाळा. तुमचे जाड खाचांच्या तळव्याचे ट्रेकिंग बूट रिकिबीत अडकतात, आणि पडताना पाय सुटला नाही तर माणूस फरपटतो. तळवा गुळगुळीत, टाच इंचभर, पुढून निमुळता असा बूट हवा. तो नसेल तर पुढून कातड्याचं झाकण असलेली रिकीब मागा, तिच्यातून पाऊल पलीकडे जाऊच शकत नाही. पँटला मांडीच्या आत जाड शिवण नको. आतून सायकलस्वारांची तंग चड्डी घातली तर बोचणं बरंच कमी होतं.

बसायचं कसं? चढावर कमरेतून थोडं पुढे, वजन रिकिबीत, हात आयाळीजवळ. उतारावर सरळ. जुन्या चित्रांत दिसतं तसं पाठीवर रेलायचं नाही, तुमचं वजन नेमकं खेचराच्या कमरेवर जातं. टाचा खाली, पाय किंचित पुढे. दर तासाला उतरून दहा मिनिटं चाला, आणि अगदी उभ्या उतारणीवर उतरून हातात धरून न्या, तेही त्याच्या अगदी पुढ्यात नव्हे, थोडं बाजूने. दोर मनगटाला किंवा तळव्याला कधीही गुंडाळायचा नाही. गुडघ्याला चालणं झेपणार नसेल तर निदान उतरून उभे राहा. सलग तीन तास बसलेला साठीतला माणूस उतरतो तेव्हा पाय त्याचे नसतात, म्हणून उतरल्यावर क्षणभर खोगीर धरून ठेवा.

तयारीसाठी सहा-आठ आठवडे हातात ठेवा. घराजवळच्या तबेल्यात आठवड्याला एकदा, शेवटी शेवटी सलग तीन तास बसून बघा. घोडं चालेल, खेचरच हवं असं नाही. मांडीच्या आतल्या स्नायूंचं ताणणं आणि बारा इंची पायरीवर चढ-उतार रोज करा. वजनाची अट आधी विचारा. अनेक ठिकाणी स्वाराची मर्यादा २२५ ते २५० पौंडांच्या दरम्यान असते. कारण साधं आहे: २०० पौंडांचा माणूस आणि ४० पौंडांचं खोगीर मिळून २४० पौंड, म्हणजे हजार पौंडांच्या जनावराच्या जवळजवळ पाव हिस्सा. त्यावर ११,००० फुटांची विरळ हवा.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मुद्दा खाली पडण्याचा नाही, डोक्याला मार लागण्याचा आहे. अशा माणसाला साधा वाटणारा मारही कवटीच्या आत रक्तस्राव करू शकतो, आणि लक्षणं काही तासांनी दिसू शकतात. डॉक्टरांना ‘डोंगरात जातोय’ एवढंच न सांगता ‘जनावरावर बसून, इस्पितळापासून एक दिवस दूर’ असं सांगा. हेल्मेट बंधनकारक समजा, पॅकर काऊबॉय हॅट घालत असला तरी. डोक्याला लागलं तर लक्षणांची वाट न बघता उपग्रह संदेशयंत्रावरून मदत मागवा. ते यंत्र अंगावर ठेवा, खोगिराच्या पिशवीत नको. स्वार पडला आणि खेचर पिशवीसकट घराकडे निघालं, तर यंत्र त्याच्याबरोबर जातं.

उंचीचं एक गमतीदार आहे. लोकांना वाटतं, चालायचं नाही म्हणजे विरळ हवेचा त्रास नाही. उलट, चालताना दमछाक तुम्हाला थांबवते, खेचर थांबवत नाही. साउथ लेकहून बिशप पासपर्यंत दोन हजार फूट तुम्ही तीन तासांत बसल्या बसल्या चढता. म्हणून आधीच्या दोन रात्री ८,००० ते ९,००० फुटांवर काढा. थंडीचंही तसंच. चालणाऱ्याचं अंग तापतं, बसलेल्याचं नाही. खिंडीतल्या वाऱ्यात तुमचे जुने पातळ थर पुरणार नाहीत, एक जाड जॅकेट जास्त घ्या आणि ते खोगिरामागे बांधा. रेनकोट मात्र बसल्या जागी अंगावर चढवायचा नाही. फडफडणारं प्लास्टिक डोळ्याच्या कडेला दिसलं की भल्या खेचराचाही तोल जातो. उतरा, घाला, मग बसा.

सामान मऊ पिशवीत, माणशी ३० ते ४० पौंड. चौकट असलेली सॅक पॅकरला डोकेदुखी असते, ती जनावराच्या बरगडीत घुसते. ओझ्याच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांत दोन-तीन पौंडांहून जास्त फरक चालत नाही. पॅकर काट्यावर तोलतो. आयत्या वेळी तुम्ही एका बाजूला भरलेली पाण्याची बाटली खोचली की त्याचं तोललेलं बिघडतं आणि दोन मैलांवर ओझं कलतं. अन्न अस्वलांपासून सुरक्षित डब्यात किंवा पेटीत. खोगिराच्या पिशवीत राहिलेला मूठभर चिवडासुद्धा रात्री बाहेर काढून ठेवा. शाकाहारी असाल तर नोंदणीच्या वेळीच लिहून द्या, तिथला स्वयंपाक मांसाभोवती फिरतो. किंग्ज कॅन्यनच्या भागात १०,००० फुटांच्या वर लाकडाची शेकोटी बंद आहे, तेव्हा उंच मुक्कामी संध्याकाळ गॅसवरच्या चहावर भागवायची.

वाटेत काय काय बिघडतं, त्यात ऑगस्ट-सप्टेंबरच्या गांधीलमाश्या पहिल्या. पोळं वाटेच्या कडेला जमिनीत असतं. पहिली दोन जनावरं ते तुडवतात, डंख तिसऱ्या-चौथ्याला बसतात. मागच्याने ‘बीज!’ (इंग्रजीत माश्या) ओरडायचं आणि सगळ्यांनी पुढे निघायचं, थांबायचं नाही. तिथे थांबून ‘काय झालं रे?’ विचारणारा मित्र सगळ्यांना गोत्यात आणतो. ग्रॅनाइटच्या गुळगुळीत उतारावर नाल घसरतात. लगाम सोडा, खेचर आपली जागा शोधतं. प्रवाह ओलांडताना नजर पलीकडच्या काठावर ठेवा, वाहत्या पाण्याकडे बघितलं की भोवळ येते, आणि पावलं रिकिबीतून जवळजवळ बाहेर असू देत. समोरून चालणारे आले तर त्यांना दरीच्या बाजूला उभं राहून बोलत राहायला सांगा. मोठी सॅक आणि काठ्या घेतलेली गप्प आकृती खेचराला माणूस वाटत नाही. ओझ्याची खेचरं एकमेकांना पातळ दोरीच्या फासाने जोडलेली असतात. ती दोरी मुद्दाम कमजोर असते, म्हणजे एक कोसळलं तर बाकीची ओढली जात नाहीत. मदत म्हणून तिथे जाड दोर बांधू नका.

सकाळची सवयही बदला. रात्री घंटा बांधलेली घोडी आणि तिच्यामागे खेचरं कुरणात सोडली जातात. खेचरं त्या घोडीला सोडून लांब जात नाहीत, पण घोडी स्वतः मैलभर जाऊ शकते. पॅकर पहाटे घंटेच्या आवाजावर शोधायला निघतो. त्यामुळे पूर्वीसारखं सहाला निघू म्हणाल तर तसं होणार नाही. नऊ वाजले तरी ती उत्तम सकाळ समजा. फक्त दुपारच्या विजांच्या आधी खिंड ओलांडायची असेल, तर आदल्या रात्रीचा मुक्काम खिंडीच्या जवळ ठेवायला आधीच सांगा.

दोघांच्या जोडीबद्दल थोडं. पायी चालताना तुम्ही शेजारी शेजारी बोलत गेलात, इथे एकामागे एक जावं लागतं, मध्ये एका खेचराच्या लांबीचं अंतर ठेवून. त्याहून जवळ गेलात तर लाथ. म्हणजे गप्पा मुक्कामावरच. ज्याला जास्त भीती वाटते त्याला पॅकरच्या लगेच मागे बसवा, शेवटी नको. शेवटचं जनावर मागे पडून धावत गाठतं, आणि नवख्याला तेच झेपत नाही. खेचरं वजनाप्रमाणे आणि सवयीप्रमाणे पॅकरला वाटू द्या, ‘मला तो तपकिरी’ नको. आणि घरूनच एक ठरवून निघा: दोघांपैकी एकाने ‘परत’ म्हटलं की दुसऱ्याने समजूत घालायची नाही. एकमेकांच्या गोळ्यांची यादी आणि डोस दोघांच्याही खिशात.

प्रदेशही तोच राहिलेला नाही. किंग्ज कॅन्यनमधल्या काही तळ्यांतून ट्राउट मासे जाळी लावून काढले आहेत, कारण बाहेरून आणून सोडलेल्या या माशांनी पिवळ्या पायांच्या डोंगरी बेडकांची पिल्लं संपवत आणली होती. हा बेडूक २०१४ मध्ये संकटग्रस्त यादीत गेला. गळ घेऊन जाणार असाल तर तळं आधी तपासा. इव्होल्यूशन व्हॅलीच्या खालचा सॅन वाकीनवरचा एक पूल २०२३ मध्ये मोडलेला आढळला, म्हणून वळसा करणार असाल तर त्या वर्षीची पुलांची स्थिती पार्ककडून विचारून घ्या. जुना कागदी नकाशा हौसेने न्या, पण त्यावर छापलेला चुंबकीय कल, म्हणजे कंपासची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक, वापरू नका, तीस वर्षांत तो दोन-तीन अंशांनी सरकला आहे. जुन्या फोटोच्या जागी उभं राहून नवा काढायचा असेल तर छापील प्रत बरोबर ठेवा आणि क्षितिजाऐवजी पुढ्यातला मोठा खडक जुळवा, तुम्ही शंभर फूट इकडेतिकडे झालात तरी क्षितिज सारखंच दिसतं. हे काम उतरूनच करायचं.

नोंदणी जानेवारी-फेब्रुवारीत करा. पॅक स्टेशनकडून गेलात तर प्रवेशपरवाना बहुधा त्यांच्या वाट्यातून मिळतो, पण लेखी विचारून घ्या. स्वतः काढायची वेळ आली तर इन्यो नॅशनल फॉरेस्टच्या (नॉर्थ लेक आणि साउथ लेक याच्याच हद्दीत आहेत) पायवाटांचा ६० टक्के कोटा सहा महिने आधी आणि उरलेला ४० टक्के दोन आठवडे आधी ऑनलाइन उघडतो. फोनवर विचारायच्या गोष्टी: रात्रीची कुरणं, उजवीकडून चढू देणारं शांत खेचर, झाकणाची रिकीब, हेल्मेट त्यांचं की तुमचं, बर्फामुळे खिंड बंद राहिली तर पर्यायी वाट आणि पैशांचं काय. पॅकरला शेवटी एकूण रकमेच्या १५ ते २० टक्के बक्षिशी देण्याची रीत आहे, ती रोख न्या. साउथ लेकच्या तळावर एटीएम नाही.